मामांचा पाचशे वॉटचा अँप्लिफायर: प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

मामांचा जुना स्टीरिओ अँप्लिफायर टेबलावर आला. दर्शनी पट्टीवर सोनेरी अक्षरांत '५०० वॉट पीएमपीओ' (पीएमपीओ म्हणजे क्षणभरच्या कमाल ताकदीचा जाहिरातीतला फुगवलेला आकडा). कंपनीचा नाही, असेंबल केलेला माल: काळं पत्र्याचं खोकं, पुढे व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, बॅलन्स, मागे आरसीएच्या दोन जोड्या आणि स्पीकरसाठी स्प्रिंगच्या क्लिपा. तक्रारी तीन. गाणं लावलेलं नसतानाही घूं येतो. आवाज कमी केला की डावीकडचा स्पीकर बसतो. आणि मामांच्या शब्दांत, "डग्गा ऐकू येतो रे, पण घुमारा नाही." ते स्वतः तबला शिकलेले, त्यामुळे तिसरी तक्रार सर्वांत आधी लिहून घेतली.

नवीन घेऊ का, असं विचारून पाहिलं. "नवाच घ्यायचा असता तर तुला कशाला दिला असता? हाच नीट कर." खर्चाची मर्यादा अडीच हजार.

झाकण काढलं. आत १२-०-१२ चा (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारा) दोन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, २२०० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर, टोनच्या बोर्डावर एक ४५५८ (छोटी ऑप-अँप चिप) आणि प्रत्येक चॅनेलला एक टीडीए२०३०ए (स्पीकर चालवणारी पॉवर चिप). हीटसिंक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी. ट्रान्सफॉर्मर हिशेबाने ४८ व्हीएचा. त्यातून पाचशे वॉट काढणारा माणूस भेटला तर महावितरणने त्याला नोकरीवर घ्यावं. अँप्लिफायरच्या जाहिरातीत वॉट कसे मोजून छापायचे, याचा नियम अमेरिकेत एफटीसीने (तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने) १९७४ सालीच केला होता. आपल्या बाजारात पीएमपीओ त्यानंतरही कित्येक वर्षं जोरात चालला.

काही बदलण्याआधी मोजमाप. ८ ओहमचा डमी लोड (जाड वायरवाउंड रेझिस्टर), १ किलोहर्ट्झचा सूर, लॅपटॉपला जोडलेलं यूएसबी साउंड कार्ड आणि मल्टिमीटर. लाट वरून कापली जाण्याआधी ८.६ व्होल्ट मिळाले, म्हणजे साधारण ९ वॉट. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून आउटपुटवरचा घूं: डावीकडे ४.१ मिलिव्होल्ट, उजवीकडे ६.८. व्हॉल्यूमची चकती नऊ वाजण्याच्या जागी ठेवली की डावीकडे ४१ मिलिव्होल्ट, उजवीकडे ६०. फरक ३.३ डीबी (डेसिबल), म्हणजे डावा स्पीकर 'बसतो' तो खरोखरच बसतो. आणि ७५ हर्ट्झच्या आसपास आवाज ३ डीबीने खाली. मामांचा कान बरोबर निघाला.

ठरवलेली पद्धत: बदल एका वेळी एकच, आणि जमेल तिथे आधी फक्त डाव्या चॅनेलवर. उजवा जसा आहे तसा राहिला की शेजारी तुलनेला जुना अँप्लिफायर आयताच मिळतो. सगळं एकदम बदलून 'वा, काय फरक पडला' म्हणणाऱ्यांना नेमका कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

आज फक्त मेन्सची बाजू. आवाजात याने काडीचाही फरक पडणार नाही, तरी पहिलं काम हेच.

वायर दोन पिनांची, फ्यूज नाही, स्विच न्यूट्रलमध्ये. मीटरचं एक टोक खोक्याला आणि दुसरं सॉकेटच्या अर्थला लावलं तर ९० व्होल्ट एसी दाखवतो. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमधून झिरपणारा हा करंट अगदी थोडा असतो, पण ओल्या हाताला झिणझिण्या येतात. मामींना येत होत्या, असं आज कळलं.

तीन पिनांची वायर घातली. पिवळ्या-हिरव्या वायरसाठी खोक्याचा रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून वेगळा बोल्ट बसवला. फेजमध्ये १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि त्यापुढे स्विच. पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये. क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही.

एक गोष्ट सापडली. हीटसिंक आणि खोकं यांच्यात उणे १९ व्होल्ट. टीडीए२०३०ए चा धातूचा पत्रा तिसऱ्या पिनेला, म्हणजे उणे सप्लायला, आतूनच जोडलेला असतो. असेंबल करणाऱ्याने मायका (चिप आणि हीटसिंक यांच्यात घालायचा, वीज अडवणारा पातळ पापुद्रा) वाचवला आणि सगळी पट्टीच फायबरच्या वॉशरवर खोक्यापासून अलग ठेवली. चालतं. पण एखादा सुटा स्क्रू मध्ये पडला की थेट शॉर्ट. नवीन हीटसिंकच्या वेळी मायका घालायचा, अशी नोंद.

शनिवार, ११ जानेवारी

घूंचा दिवस.

साउंड कार्डवर पाहिलं तर ठळक रेघ १०० हर्ट्झवर, मग २००, ३०० अशी माळ. यावरून अर्धं निदान झालं. ५० हर्ट्झ असता तर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा किंवा अर्थच्या वेढ्याचा (ग्राउंड लूपचा) संशय घेतला असता. १०० आणि त्याच्या पटी म्हणजे डायोडमधून कंडेन्सर भरताना जे झटके बसतात, ते सिग्नलच्या ग्राउंडमध्ये, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या वायरीत, शिरताहेत. व्हॉल्यूम शून्यावरही येतो, म्हणजे शिरकाव व्हॉल्यूमच्या पुढे.

बोर्ड उलटा केला आणि उत्तर समोर. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर, दोन्ही कंडेन्सर, स्पीकरची परतीची वायर, फीडबॅकचं ग्राउंड आणि इनपुटचं ग्राउंड हे सगळे एकाच बारीक ट्रॅकवर रांगेने. कंडेन्सर भरताना त्या ट्रॅकमधून काही अँपिअरचे झटके जातात. ट्रॅकचा रोध काही मिलिओहम, पण तेवढ्यावरही मिलिव्होल्ट तयार होतात, आणि हा बोर्ड ३३ पट वाढवणारा.

ट्रॅक दोन जागी कापला. दोन्ही कंडेन्सरचे ग्राउंडचे पाय जाड तांब्याच्या तारेने जोडले, ट्रान्सफॉर्मरची मधली वायर त्याच तारेवर. त्या तारेपासून इंचभर लांबीची फांदी काढली आणि तिच्या टोकाला बाकी सगळे: स्पीकरची परत, फीडबॅक, इनपुट, प्रत्येकाची वायर स्वतंत्र. फांदी महत्त्वाची. सगळं कंडेन्सरच्या तारेवरच टेकवलं तर झटके पुन्हा त्याच वाटेने आत येतात.

आता डावीकडे ०.५ मिलिव्होल्ट, उजवीकडे ०.९. उजवीकडे उरलंय त्यात ५० हर्ट्झच जास्त. त्या बाजूची इनपुट वायर ट्रान्सफॉर्मरला घासून जाते. ती उचलून खोक्याच्या दुसऱ्या कडेने नेली, तर उजवाही ०.५ वर आला. खर्च: वीतभर तांब्याची तार.

संध्याकाळी लॅपटॉप चार्जरसकट जोडून पाहिला, तर नवाच घूं, या वेळी ५० हर्ट्झचा. खोकं आता अर्थ झालेलं, लॅपटॉपही अर्थ झालेला, दोघांच्या मध्ये आरसीएची जाळी. अर्थचा वेढा पूर्ण. अशा वेळी काहीजण अर्थची पिनच काढून टाकतात. ते करायचं नाही. खोकं अर्थलाच राहील. फक्त सिग्नलचं ग्राउंड आणि खोकं यांच्यात १० ओहमचा रेझिस्टर घातला आणि त्याला समांतर एक ब्रिज रेक्टिफायर, प्लस-मायनस एकमेकांना जोडून. वेढ्यातल्या बारीक करंटला १० ओहम अडवतो. आत खरोखर फॉल्ट झाला तर डायोड लगेच सुरू होऊन करंट अर्थकडे जातो आणि फ्यूज उडतो. आरसीएची सॉकेटं खोक्यापासून अलग करायला प्लास्टिकचे वॉशर लागले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला आलेल्या भाचीला कामाला लावलं.

डग्ग्याचा घुमारा. टीडीए२०३०ए च्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर, आणि पुढे ग्राउंडला २२ किलोओहम. दोघांच्या गुणाकारावरून हिशेब केला की ७२ हर्ट्झ. त्याखालचं सगळं उतरणीला. डेटाशीटमध्ये (चिपच्या कंपनीच्या माहितीपत्रकात) या जागी १ मायक्रोफॅरड आहे. असेंबल करताना एक शून्य खाल्लं गेलं. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ असतो. म्हणजे खर्जाची तार छेडली की तिचा मूळ स्वर ३ डीबीने दाबूनच स्पीकरकडे जात होता.

डावीकडे १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर घातला. आता उतरण ७ हर्ट्झवर गेली. मोनो करून एकदा डावा, एकदा उजवा असा एकच तबला सोलो ऐकवला. भाचीला वायरिंगमधलं काहीही माहीत नाही, दोन्ही वेळा डावा कोणता ते तिने न चुकता सांगितलं. सात रुपयांचा कंडेन्सर. उजवीकडेही लगेच घातला.

रविवार, १९ जानेवारी

काल बुधवार पेठेत तपकीर गल्लीत खरेदी. यादी: एलएम१८७५ (टीडीए२०३०ए च्या जागी घालायची पॉवर चिप) दोन, १५-०-१५ चा ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ६८०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन कंडेन्सर, हीटसिंकचा तुकडा, मायका, पेस्ट, दोन गँगचा पॉट (व्हॉल्यूमच्या चकतीमागचा बदलता रेझिस्टर, डाव्या-उजव्या बाजूला एकेक गँग).

दुकानदाराने सोनेरी वेष्टणाचे 'ऑडिओ ग्रेड' कंडेन्सर पुढे केले, किंमत साध्यांच्या चौपट. घेतले नाहीत. सप्लायच्या कंडेन्सरला इथे लागते ती क्षमता, व्होल्टेजची सोय आणि १०५ अंशांचं रेटिंग. १९९९ साली जपानच्या ४७ लॅबोरेटरीने गेनकार्ड नावाचा अँप्लिफायर काढला, त्यात एलएम३८७५ ही चिप आणि सप्लायला जेमतेम १००० मायक्रोफॅरड. त्याची किंमत ऐकून लोक चक्रावले, पण आवाजाला नावं ठेवणारे थोडेच. कंडेन्सर मोठा असण्यापेक्षा तो कुठे आणि कसा जोडलाय, याने जास्त फरक पडतो.

एलएम१८७५ गल्लीत साठ रुपयांना मिळत होता. एक नग घेऊन दुकानातच थिनरच्या बोळ्याने पुसला, छाप बोळ्यावर आला. खाली आधीचा कुठलातरी छाप खरवडल्याच्या रेघा. परत केला. टीडीए२०३०ए आणि एलएम१८७५ या दोन चिपांच्या पाचही पिना त्याच क्रमाने येतात, त्यामुळे स्वस्त चिपवर महाग नाव छापणं सोपं जातं. खरे नग अधिकृत वितरकाकडून ऑनलाइन मागवले, तिप्पट भाव.

शनिवार, २५ जानेवारी

व्हॉल्यूम. जुना पॉट १०० के (किलोओहम) लॉगचा, म्हणजे सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढणाऱ्या चालीचा. स्वस्त लॉग पॉटमध्ये कार्बनच्या पट्टीचे दोन वेगवेगळे तुकडे जोडून वळण आणलेलं असतं, आणि दोन गँगांचे तुकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. हळू आवाजात एक बाजू बसते ती यामुळे. चांगला अल्प्सचा पॉट घ्यायचा तर बजेटचा मोठा घास जातो, शिवाय नकली गळ्यात पडायची भीती.

म्हणून दुसरी वाट. १०० के चाच, पण लिनिअर (एकसारख्या चालीचा) पॉट घ्यायचा; त्याची पट्टी एकसंध, गँग बरेच जुळलेले. मधल्या पायापासून ग्राउंडला रेझिस्टर टाकला की चाल लॉगसारखी वाकते. आमच्याकडे पुढे २२ के आहेच, त्याला समांतर आणखी एक २२ के, म्हणजे ११ के. चकती मध्यावर असताना गणित उणे १६ डीबीचं येतं, कानाला नैसर्गिक वाटेल इतकं. आता नऊच्या जागी दोन बाजूंत फरक ०.४ डीबी. रेझिस्टर २२ के च्या पाकिटातून मीटरने जुळवून घेतले.

एक अडचण होती: या जोडणीचा इनपुट रोध दहा किलोओहमपर्यंत उतरतो, आणि जुनी वायरिंग आरसीए, मग व्हॉल्यूम, मग टोन अशी. ती उलटवली. आधी ४५५८ चा टोन बोर्ड, नंतर व्हॉल्यूम, मग पॉवर. ४५५८ ला दहा किलोओहम जड नाहीत. आणि टोन बोर्डाची सळसळ आता व्हॉल्यूमबरोबर कमी होते. आधी ती कायम तेवढीच असायची. रात्री ऐकताना हा बदल घूं घालवण्याइतकाच जाणवतो, असं माझं मत.

रविवार, २ फेब्रुवारी

डाव्या बाजूला एलएम१८७५. उजवीकडे टीडीए२०३०ए तसाच. ट्रान्सफॉर्मर मुद्दाम जुनाच ठेवला. नव्या ट्रान्सफॉर्मरवर रिकाम्या अवस्थेत दोन्ही बाजूंना २३ व्होल्टच्या वर जाणार, आणि टीडीए२०३०ए ची मर्यादा २२. शिवाय सप्लाय आणि चिप एकदम बदलली तर तुलना कशाची करायची?

पिना जुळतात, पण बोर्ड तेवढ्यावर तयार होत नाही. या बोर्डावर आउटपुटला १ ओहम आणि कंडेन्सरची जोडी बसवायला जागा छापलेली आहे, भागच नाहीत. टीडीए२०३०ए ने ते खपवून घेतलं असावं. एलएम१८७५ साठी १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड घातले, आणि तिसऱ्या व पाचव्या (सप्लायच्या) पिनेपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड थेट पिनेला चिकटवून. ऑसिलोस्कोप नसलेल्यांसाठी एक खूण: चिप ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर थरथरत असेल तर तो १ ओहमचा रेझिस्टर गाणं न लावताच तापतो. आमचा थंड आहे. आउटपुटवर डीसी ९ मिलिव्होल्ट, ठीक. मायका आणि दोन्ही बाजूंना पेस्ट लावून नव्या हीटसिंकवर बसवली. हीटसिंक आता खोक्याला थेट जोडलेला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तुलना. एकच स्पीकर, वायर कधी डाव्या क्लिपेत कधी उजव्या, बदलणारी भाची, ऐकणारे मामा आणि मी, पाठ करून. मोनो. दोन्हींचं गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सारखंच ठेवलेलं, नाहीतर जो मोठा वाजतो तोच 'चांगला' ठरतो.

घरात ऐकतो त्या आवाजात दोघांनाही फरक सांगता आला नाही. मामा वैतागले, "मग बदललंस कशाला?" रास्त प्रश्न. कागदावर दोघांत अंतर आहे: सप्लायमधली घरघर टीडीए२०३० ५४ डीबीने दाबतो, एलएम१८७५ ९४ डीबीने. लोड लावून साउंड कार्डवर पाहिलं तर उजव्या बाजूला सुराच्या आजूबाजूला १०० हर्ट्झच्या अंतरावर बारीक काटे दिसतात, डावीकडे ते जवळजवळ नाहीत. स्पीकरमधून ते ऐकू आले नाहीत इतकंच.

तरी चिप बदलायचीच, कारण वेगळं. एलएम१८७५ ६० व्होल्टपर्यंत झेपवते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाढवायला वाव मिळतो. १८-०-१८ चा मोह झाला होता. पण ±२५ व्होल्टवर ८ ओहमला चिपमध्ये सोळा वॉटपर्यंत उष्णता साठते, ±२० वर दहा. उद्या कोणी ४ ओहमचे स्पीकर लावले तर ती दुप्पट. पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद कपाटात ठेवला जाणारा हा अँप्लिफायर आहे. १५-०-१५ च.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुसरी चिप, ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर एका बैठकीत. फीडबॅक २२ के/६८० ओहम होता, तो डेटाशीटप्रमाणे २० के/१ के केला. गेन ३३ वरून २१. मामांचा सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो आणि अँप्लिफायरला पूर्ण जोरासाठी ०.६ पुरतात, जास्तीचं गेन नुसतं सळसळ वाढवतं आणि व्हॉल्यूमची चकती आठ ते नऊ वाजण्यात अडकवून ठेवते. आता ती दहा-अकराला येते.

पुन्हा सिरीज बल्ब. कंडेन्सर मोठे झाल्याने तो जरा जास्त वेळ उजळला, मग मंदावला. रिकामे ±२३.४, लोडवर ±२०.३.

मोजमाप: ८ ओहमला ११.९ व्होल्ट, म्हणजे साडेसतरा वॉट. ९ वरून १७.५ म्हणजे जेमतेम ३ डीबी, कानाला 'थोडं मोठं' एवढंच. पण डग्ग्यावर जोरात थाप पडली की आधी लाट कापली जायची, ती आता मोकळी जाते. १९७८ चा एनएडी ३०२० वीस वॉटचा होता आणि त्या वीस वॉटवर त्याने जगभर नाव कमावलं, त्यामुळे आकड्याचं वाईट वाटत नाही. घूं ०.३ मिलिव्होल्ट. चिपा तासाभराने हाताला गरम, बोट ठेवून राहता येतं.

स्पीकरसाठी यूपीसी१२३७ चा (स्पीकर वाचवणाऱ्या चिपचा) रिलेचा तयार बोर्ड लावला. चालू करताना होणारा 'धप' गेला, आणि चिप मेली तरी डीसी स्पीकरपर्यंत जाणार नाही. सगळा खर्च दोन हजार तीनशेच्या आसपास. त्यातला मोठा वाटा ट्रान्सफॉर्मर, चिपा आणि हीटसिंकचा. मामांच्या तिन्ही तक्रारी मात्र त्याआधीच्या शंभर-दीडशे रुपयांतच मिटल्या होत्या. हे त्यांना सांगितलं. त्यावर उत्तर, "मग उरलेले दोन हजार माझ्या हौसेचे धर."

राहिलेलं: स्प्रिंगच्या क्लिपा काढून बाइंडिंग पोस्ट लावायचे, मागच्या पत्र्याला ड्रिल लागेल. निळा एलईडी डोळ्यांत खुपतो, त्याचा रेझिस्टर १ के वरून १५ के. दर्शनी पट्टीवरचे '५०० वॉट' खरवडू का, असं विचारलं होतं. मामा नको म्हणाले.